नेहमीचं वजन

केसरीनाथ म्हात्र्यांची गाडी डावीकडे ओढायची. थोडीथोडकी नव्हे. स्टिअरिंगवरचा हात डोकं खाजवायला काढावा, तर खाजवून होईपर्यंत गाडी गटाराच्या काठाला जाऊन पोचलेली असायची. महिन्याभरात तीनदा अलाइनमेंट करून झालं होतं. गॅरेजातून निघताना गाडी शहाण्यासारखी सरळ चालायची आणि आठ दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. केसरीनाथांनी आणखी महिनाभर तसंच रेटलं असतं, पण येत्या रविवारी त्यांच्या मृणालीचा साखरपुडा होता. नवऱ्या मुलाच्या दारात थांबवायची गाडी शेजाऱ्याच्या ओट्यावर चढली असती, तर चारचौघांत शोभा झाली असती.

म्हणून शुक्रवारी सकाळी त्यांचा मुलगा कुणाल गाडी घेऊन कामतघरला मुश्ताककडे गेला. मुश्ताक हा पन्नाशीचा, मोजकं बोलणारा आणि कामाच्या बाबतीत भलताच हट्टी मिस्त्री. त्याच्या गॅरेजच्या दोन्ही अंगांना पॉवरलूमची शेड होती. त्या खडखडाटात गिऱ्हाईक आणि मिस्त्री एकमेकांशी ओरडूनच बोलायचे. गुपित सांगायला भिवंडीत यापेक्षा वाईट जागा शोधूनही सापडली नसती.

मुश्ताकने गाडीखालच्या खड्ड्यातून वर येऊन कुणालच्या हातावर रबराचे दोन फाटके तुकडे ठेवले.

"ये देख! चाकाच्या दांड्याचं रबर. आधीच्या मिस्त्रीने गाडी जॅकवर लटकवली आणि तशीच बोल्ट आवळले!"

"मग कसे आवळायचे?"

"गाडी चाकांवर उभी पाहिजे, आणि आत नेहमीचं वजन पाहिजे! हे बघ, तू उभं राहून पट्टा कचकून आवळला, आणि मग मांडी घालून जेवायला बसला, तर काय होतं?"

"पोटाला रुततो."

"तू सैल करतो. रबराला हात नाय, ते फाटतं!"

कुणालला हे एकदम पटलं. तो गावातच, पूर्ण्याच्या एका गोदामात मालाचा हिशोब ठेवायचा, त्यामुळे नियम म्हटला की त्याला गहिवरून यायचं. मुश्ताकने नवं रबर घातलं, बोल्ट अर्धवट बसवले आणि हुकूम सोडला, "आता घरच्यांना बोलाव. जे नेहमी बसतात ते, नेहमी जिथे बसतात तिथे. मग मी शेवटचा हात मारतो."

तासाभरात केसरीनाथ आणि त्यांची बायको चंद्रा रिक्षातून उतरले.

"बोल्ट आवलायला बायको लागते, ह्ये मी पयल्यांदाच ऐकतंय," केसरीनाथ उतरता उतरता म्हणाले.

इथे केसरीनाथांबद्दल थोडं सांगायला हवं. पूर्ण्याला त्यांची चांगली वीस एकर भातशेती होती. आता तिच्यावर गोदामं उभी होती आणि दर महिन्याला भाडं घरी चालत येत होतं. पण कुणी 'काय करता?' असं विचारलं की ते छाती पुढे काढून 'शेती' म्हणायचे. दोन गोदामांच्या भिंतींमध्ये त्यांनी दोन गुंठे जमीन हट्टाने राखली होती. तिथे ऊन फक्त दुपारी बारा ते सव्वाबारा पडायचं. तरीही दर वर्षी भाताची कापणी झाली की म्हात्र्यांकडून तीस पाहुण्यांच्या घरी 'घरचा तांदूळ' जायचा. मृणालीच्या बोलणीच्या वेळीही ते व्याह्यांना म्हणाले होते, "आमच्या चुलीवर विकतचा दाना चढत नाय. रविवारी येताना तुमालाबी आमच्या शेतातला आनतो." व्याह्यांचे डोळे पाणावले होते. तेव्हापासून केसरीनाथांचा मान त्या घरात इतका वाढला होता की हुंड्याबिंड्याचा विषयच कुणी काढला नव्हता.

गाडी खड्ड्यावर चार चाकांवर उभी होती. चाकांना मशीनचे पंजे लावले होते आणि समोरच्या पडद्यावर आकडे हलत होते. केसरीनाथ स्टिअरिंगवर बसले. चंद्रा सरळ मागचं दार उघडून आत शिरली. कुणाल तिच्या शेजारी बसला.

"काकी, पुढे बसा ना!" मुश्ताक ओरडला.

"पुढची सीट मना कंदी मिलाली? ह्ये गारीत मी बसलंय किती वेला, इचार त्यांना! चार! त्यातल्या दोन वेला डाक्टरकडं!"

मुश्ताकने पडद्याकडे पाहिलं, मान हलवली, पुढचं डावं चाक हाताने चाचपलं आणि मग पुढची डावी सीट मागेपुढे करून पाहिली. ती शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवलेली होती.

"हे वजन नाय," तो म्हणाला.

"कसलं वजन नाय? आमी तिघंच हाव घरात, मृनाली धरून चार!"

"चाचा, टायर खोटं बोलत नाय. डाव्या टायरची आतली कड बघा, घासून गुळगुळीत झाली. पुढे डाव्या सीटवर नेहमी कोणीतरी बसतं. वजनदार. ऐंशी-पंच्याऐंशी किलो."

आरशात चंद्राचे डोळे दिसत होते आणि ते केसरीनाथांकडे लागले होते.

आता वाचकांपासून काय लपवायचं? डाव्या सीटवर खरंच कुणीतरी बसत होतं, आणि ते तांदळाचं पोतं होतं. दिवाळी ते होळी केसरीनाथ आठवड्यातून दोनदा 'जरा शेतावर जाऊन येतो' म्हणून निघायचे आणि थेट अंबाडीचा नाका ओलांडून वाडा तालुक्याच्या बाजूला चिंधू नावाच्या शेतकऱ्याकडे जायचे. त्याच्याकडून वाडा कोलम घ्यायचे. डिकीत सीएनजीची टाकी होती, म्हणून तिथे पोतं मावायचं नाही. मागच्या सीटला चंद्राने स्वतः निवडलेलं पांढरं कव्हर होतं, त्याला तूस लागलं असतं तर चोरी पकडली गेली असती. म्हणून पन्नास किलोचं पोतं पुढच्या सीटवर आणि तीस किलोचं त्याच्या पायाशी. सीटबेल्ट लावला नाही की गाडी टुंई टुंई करायची, तेव्हा पोत्याला बेल्ट. गावाच्या वेशीवर कुणी पाहू नये म्हणून पोत्याला शाल आणि वर टोपी. कट्ट्यावर बसलेल्या कुमार भोईरने एकदा त्या पोत्याला हात जोडून रामरामही केला होता.

"मंग? कोन बसतं?" चंद्राने विचारलं.

"कुमार," केसरीनाथांच्या तोंडून निघून गेलं. "आपला कुमार. बसतो कंदी कंदी."

मुश्ताकला कंदी कंदी चालणार नव्हतं. "बोलवा त्यांना. मी अंदाजावर बोल्ट आवळत नाय."

"आरं, पन रविवारी साखरपुडा हाय! आवलून टाक नं एकदाचं!"

"आणि गाडी पुन्हा डावीकडे गेली की नाव कोणाचं खराब? मुश्ताकचं!"

कुणालने तेवढ्यात कुमारकाकाला फोन लावलाही. नियमाचं पोर, दुसरं काय करणार?

कुमार भोईर म्हणजे पूर्ण्याचं चालतं-बोलतं वर्तमानपत्र. गावातली कुठलीही बातमी त्याच्याकडे सकाळी पोचायची आणि दुपारपर्यंत वाढून बाहेर पडायची. तो अर्ध्या तासात मोटरसायकलवरून आला. केसरीनाथांनी त्याला डोळा मारला. जिवाभावाचा मित्र तो, लगेच समजला.

"हाव, हाव! मीच बसतंय नेहमी! रोज बसतंय! ह्ये सीटला माझीच सवय हाय!" असं म्हणत तो पुढच्या डाव्या सीटवर ऐटीत बसला.

पडद्यावरचे आकडे जेमतेम हलले. कुमारचं वजन खिशातल्या किल्ल्या धरून पन्नास भरलं असतं.

"नाय," मुश्ताक म्हणाला.

"आज मी सकाली जेवलो नाय," कुमारने खुलासा केला.

"काका, तुम्ही सकाळी पस्तीस किलो जेवता?" कुणालने विचारलं.

"कुमारभावजी, उतरा," चंद्रा म्हणाली. तिने हे हळू म्हटलं असावं, कारण लूमच्या आवाजात फक्त तिचे ओठ हलताना दिसले. पण कुमार लगेच उतरला. मग तिने पदर खोचला, पुढे वाकली आणि नवऱ्याच्या कानाशी ओरडली, "आता खरं सांगा! कोन बसतं माझ्या जागेवर?"

केसरीनाथांनी काचेबाहेर पाहिलं. समोर कुमार उभा होता, कान टवकारून. तांदळाचं खरं आत्ता सांगितलं तर दुपारपर्यंत पूर्ण्यात आणि संध्याकाळपर्यंत व्याह्यांच्या घरी. विकतचा तांदूळ घरचा म्हणून वाटणारा शेतकरी! तीस घरांत तीस वेळा मान खाली. मृणालीच्या सासरी तर जेवताना दर घासाला लोक आठवण काढतील.

माणूस संकटात सापडला की त्याची अक्कल कुठल्या दिशेला पळेल, सांगता येत नाही. केसरीनाथांची पळाली ती सरळ गटारात गेली. त्यांनी मनातल्या मनात तोललं: बाईची भानगड म्हटली तर बायको चार महिने बोलणार नाही, गाव चार दिवस बोलेल आणि मग विसरेल. साठाव्या वर्षी ऐकून कट्ट्यावरचे दोघं-तिघं मनातून कौतुकच करतील. तांदळाचं मात्र कुणी विसरणार नाही. ठरलं. त्यांनी डोळे मिटले आणि लूमच्या वरताण आवाज काढला.

"बाई हाय! एक बाई हाय माझी! तीच बसते!"

नेमकी त्याच क्षणी वीज गेली.

दोन्ही शेडमधले लूम खाडकन थांबले आणि 'तीच बसते!' हे शब्द कामतघरच्या गल्लीत शेवटच्या चाळीपर्यंत स्वच्छ ऐकू गेले. वारा घ्यायला बाहेर आलेले कामगार दारातच उभे राहिले. एकाने बिडी पेटवायची थांबवली. खड्ड्यातून मुश्ताकचं डोकं हळूच वर आलं आणि परत खाली गेलं. कुमारचं तोंड उघडं राहिलं होतं. इतकी मोठी बातमी त्याला आयुष्यात फुकट मिळाली नव्हती. कुणाल "पप्पा..." एवढंच म्हणाला.

चंद्रा मात्र हसायला लागली. आधी पदराआडून, मग मोकळीच. हसता हसता तिने पांढऱ्या कव्हरवर दोन थापा मारल्या.

"बाई! पंच्याऐंशी किलोची! नाव काय तिचं?"

"नाव..." केसरीनाथ अडखळले. "नाव काय करायचंय तुना?"

"मी सांगू? कोलम. वाड्याची कोलम. आनि पायाशी बसते ती तिची धाकटी भन."

केसरीनाथांच्या हातून स्टिअरिंग सुटलं. गाडी उभी होती म्हणून बरं.

"तुना... तुना कवा कललं?"

"सहा वर्सं रोज शिजवतंय मी तांदूल! आपल्या जमिनीतला भात जाडा. लाल कनी असायची त्याला, वास वेगला. ह्यो शिजला की शीत न् शीत सुटं. मना काय जीभ नाय? आनि दोन गुंठ्यांत तीस घरांचा तांदूल कंच्या गावात पिकतो? त्या सावलीत गवत धड येत नाय!"

"मंग बोलली का नाय?"

चंद्राचं हसू जरा ओसरलं. "जमीन गेली तवा तुमी दोन महिने धड जेवला नाय. मंग ती पोती आनायला लागले, आनि उतरवताना लहान पोरासारखे खूश दिसायला लागले. कशाला बोलू?"

केसरीनाथांनी काचेवरची नसलेली धूळ पुसली. कुणाल दुसरीकडे पाहत राहिला. असं काही ऐकायची त्या पोराला सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर केसरीनाथांनाही नव्हती.

"आनखी कोनाला म्हाईत हाय?" त्यांनी अखेर विचारलं.

"सगल्यांना."

"सगल्यांना? माझ्या तायला पन?"

"त्यांना तर पयल्या वर्सापासून. आनि तुमची ताय दर साली घरचा सुका जवला पाठवते ना, आपल्या खाडीचा म्हनून? त्या खाडीत भराव टाकून सात वर्सं झाली. बाजारातून घेते ती. कल्यानच्या."

केसरीनाथ ताडकन ताठ झाले. "म्हंजे ताय मना फसवते? सख्ख्या भावाला? मी तो जवला लोकांना सांगून सांगून खाल्ला!"

"आनि ती तुमचा तांदूल."

हा हिशेब केसरीनाथांना मुळीच पटला नाही. स्वतःचा तांदूळ ही गोष्ट वेगळी आणि ताईचा जवळा ही शुद्ध लबाडी, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी दोनदा बोलूनही दाखवलं. पण तेवढ्यात त्यांची नजर कुमारवर गेली आणि रागाची जागा पुन्हा भीतीने घेतली. घरचे ओळखून होते, ठीक. पण हा? हा इथून मोटरसायकलला किक मारील आणि रविवारच्या आत व्याही...

ते गाडीतून उतरले आणि त्यांनी कुमारचा हात धरला.

"कुमार, तुझ्या पाया पडतंय. रविवारपर्यंत तोंड बंद ठेव. पोरीच्या सासरी मी जबान दिलेय. हवं तर बाईचंच सांग गावात. तिचं कायपन सांग, वाढवून सांग. पन तांदलाचं नको."

कुमार बोलेना. कुमार भोईर बोलत नाही हे पाहून केसरीनाथांनी त्याचा हात आणखी घट्ट धरला. कुमारने आजूबाजूला पाहिलं. कामगार पाहत होते, म्हणून त्याने केसरीनाथांना गाडीच्या आडोशाला ओढलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "त्यो तुझा वाड्याचा शेतकरी आनखी दोन पोती देल का?"

"कोनाला?"

"मना! आरं, माझ्या पोरीच्या सासरी मीपन पाठवतो ना दर साली, घरचा म्हनून. आतापर्यंत बाजारातून घेत होतो. यंदा दुकानदार बोलतो, छाप नसलेल्या गोनीत भरून देनार नाय. छापील पोतं घरचं म्हनून कसं देऊ?"

केसरीनाथांनी त्याच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. दोन वर्षांपूर्वी याच कुमारने त्यांना पाच किलो 'घरचा तांदूळ' आणून दिला होता आणि त्यांनी तो देवापुढे ठेवला होता. ते काहीतरी कडक बोलणार होते, पण तेवढ्यात वीज आली, लूम पुन्हा खडखडायला लागले आणि त्यांचं बोलणं त्यांनाच ऐकू आलं नाही. जे काही होतं ते बरं नव्हतं, एवढं कुमारच्या चेहऱ्यावरून कळलं.

"वजन सांगा!" खड्ड्यातून मुश्ताक ओरडला. "आणि या वेळी खरं सांगा!"

केसरीनाथ 'पोती' म्हणणार, तोच चंद्रा मागच्या सीटवरून उतरली, पुढचं डावं दार उघडून आत बसली आणि तिने बेल्ट लावला.

"मी पंचावन! आनि पायाशी तीसचं पोतं!" ती ओरडली. "आता दर फेरीला मी येनार! तुमी तांदूल बघून घेत नाय, दर साली दातांखाली खडे येतात!"

"आनि दुसरं पोतं?" केसरीनाथांनी विचारलं.

"माग! कव्हर काढून टाका ते!"

"माझं बी एक मागं धर!" कुमार दाराशी येऊन ओरडला.

शेजारच्या शेडमधून कामगारांनीच सुताच्या गोण्या आणून दिल्या. बाईचं प्रकरण तांदळावर मिटल्याने ते थोडे निराश झाले होते, पण मदतीला हयगय केली नाही. एक गोणी चंद्राच्या पायाशी गेली, दोन मागे कुणालच्या शेजारी. मशीन पुन्हा सुरू झालं. पडद्यावरचे आकडे सरकले, थरथरले आणि स्थिर झाले.

"ये हुई ना बात!" मुश्ताक म्हणाला. खालून पान्याचा टक् असा हिसका जाणवला, मग दुसरा, मग तिसरा. चंद्रा पुढच्या सीटवर मागे रेलून रस्त्याकडे पाहत होती. गाडी अजून गॅरेजातच होती, पण तिचा चेहरा अंबाडीच्या पुढे गेलेल्या माणसासारखा दिसत होता.

शेवटचा बोल्ट बसला तसा केसरीनाथांचा फोन वाजला. तो गाडीला जोडलेला होता, म्हणून आवाज गाडीतच घुमला. फोन व्याह्यांचा होता. चंद्राने पटकन काचा वर केल्या, तेव्हा कुठे शब्द कळू लागले.

"केसरीशेठ, रविवारी लवकर या! आणि जाताना गाडीत जागा ठेवा. तुमच्यासाठी तूप काढून ठेवलंय, पाच किलो. आमच्या घरच्या म्हशींचं आहे. तुम्ही आपल्या शेतातला तांदूळ आणणार, मग आमच्याकडून पण घरचंच जायला पाहिजे!"

"वा, वा!" केसरीनाथ म्हणाले. "घरचं ते घरचं! इकतच्या तुपाला ती चवच नाय!"

फोन बंद झाला. चंद्राने नवऱ्याकडे पाहिलं.

"बोलनी करायला गेलो तवा मी मागचा गोठा बघितला त्यांचा. दोन स्कूटरी व्हत्या आत, आनि एक जुना फ्रीज. म्हस एकपन नव्हती."

केसरीनाथांनी गाडी चालू केली, आरसा नीट केला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट ठेवले.

"चरायला गेल्या असतील," ते म्हणाले.